भुवया सोडून घाणेरी

गावातल्या निम्म्या बायकांच्या भुवया ताईंनी कोरलेल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांच्या भुवया पाहून ताईंना त्यांची कीव यायची. किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान आणि लाँड्री यांच्या मधे बोळकांडीसारखी एक खोली होती. तिच्यात दोन खुर्च्या, भिंतभर आरसा आणि ताई. दोऱ्याचं एक टोक दातात, बाकीचा दोरा दोन्ही हातांत, आणि समोर कपाळाची कातडी ताणून, डोळे मिटून बसलेली कुणी तरी. तीसेक वर्षं हेच चाललं. त्या काळात ताईंनी इतक्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी काढलं की त्यांच्या सगळ्या सासवांना मिळूनही तेवढं जमलं नसतं.

दातात दोरा असतानाही ताईंना बोलता यायचं, आणि बोलावंच लागायचं. भुवया करून घ्यायला आलेली बाई स्वतः गप्प बसत नाही आणि समोरचीलाही बसू देत नाही. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं जुळलं, कुणाच्या नवऱ्याची बदली झाली आणि ती झाली की करून घेतली, हे सगळं आधी ताईंकडे यायचं आणि मग गावात जायचं.

पुढे गुडघे कुरकुरायला लागले, आणि दिराची मुलगी कुठलासा मोठा कोर्स करून आली. ताईंनी दुकान तिच्या हाती दिलं. पुतणीनं महिन्याभरात त्याचा 'स्टुडिओ' केला. काचेचं दार आलं, मंद संगीत आलं, आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक पांढरा सोफा आला. त्या सोफ्यावर ताई रोज सकाळी येऊन बसायच्या, सल्लागार म्हणून. सल्ला कुणी मागितला नव्हता.

"डावी जरा चढलीय," ताई सोफ्यावरून म्हणायच्या. खुर्चीतल्या बाईचे डोळे खाडकन उघडायचे.

एक दिवस पुतणीनं संगीत बंद केलं आणि ताईंजवळ येऊन बसली. "काकू, तुम्ही आलात की मला बरं वाटतं. पण गिऱ्हाइकांना वाटत नाही."

घरी जावं तर घरी साहेब. ताईंचे यजमान वजनमापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराच्या तराजूच्या पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक शोधून काढण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्या कामासाठी पाऊल न वाजवता मागून येण्याची जी कला लागते, ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की निवृत्त झाल्यावरही ते स्वयंपाकघरात तसेच यायचे. बाजारातून आलेली साखर परत तोलायचे. साबणाच्या वडीवर छापलेलं वजन आणि वडीचं खरं वजन यांची गाठ घालून द्यायचे. पेपरातलं शब्दकोडं मोठ्यानं सोडवायचे आणि चुकलं की कोडं घालणाऱ्याला दोष द्यायचे. नोकरीत कुणी त्यांना लबाडीत पकडलं नाही, कारण ते लबाड नव्हते. फक्त जग लबाड आहे याबद्दल त्यांच्या मनात कसलीही शंका नव्हती.

ताईंचे हात शिवशिवायचे. इतकी वर्षं काही ना काही उपटत आलेल्या बोटांना एकदम सुट्टी मिळाली की ती घरावर उठतात. ताईंनी आधी स्वेटरांवरचे गोळे काढले. मग सोफ्याच्या शिवणीतून डोकावणारे दोरे ओढले, आणि त्या भरात शिवणच निघाली. मग साहेब पेपर वाचत बसले की मागून जाऊन त्यांच्या कानातला एखादा केस चिमटीत धरायला त्यांनी सुरुवात केली. साहेबांनी आपली खुर्ची भिंतीला पाठ लावून ठेवली. मागून येणं ही आपली मक्तेदारी आहे असं त्यांना वाटत होतं.

असं सगळं चाललेलं असताना एकदा ताई हट्टानं स्टुडिओत गेल्या आणि तेव्हाच तिथे गार्ड आली.

गार्ड म्हणजे गावाच्या टोकाला जे रान होतं, त्याची राखण करणारी तरुणी. खाकी कपडे, पायात बूट, बोलणं बेतास बात. कॉलेजात असल्यापासून तिच्या भुवया ताईंकडे. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले होते.

"मांजर की नवरा?" ताईंनी सोफ्यावरून विचारलं.

"घाणेरी," गार्ड म्हणाली.

ताईंना वाटलं, कुणा बाईबद्दल बोलतेय. मग गार्डनं सांगितलं की हे झुडूप आहे. फार पूर्वी कुणी तरी लांबच्या मुलखातून शोभेसाठी आणलं होतं. गुलाबी-पिवळ्या फुलांचे गुच्छ, दिसायला नटवं. पान चुरगळलं तर मात्र उग्र वास. बागेतून ते रानात शिरलं आणि आता रानात दुसऱ्या कुणाला उभं राहू देत नाही. खाली गवत येत नाही, झाडांची रोपं येत नाहीत, नुसती घाणेरीवर घाणेरी.

"म्हणजे चार दिवसांची पाहुणी म्हणून आली आणि घर बळकावून बसली," ताई म्हणाल्या. "अशी एक माझ्या मावसबहिणीकडे आहे."

"दर रविवारी सकाळी काही लोक येतात काढायला. हौसेनं. पण माणसं कमी पडतात."

पुतणीनं ही संधी सोडली नाही. "काकूंना घेऊन जा की," ती गोड आवाजात म्हणाली. "त्यांना उपटायला फार आवडतं."

ते ताईंना झोंबलं. चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही हे धंद्यात शिकल्यामुळे त्या हसल्या, आणि केवळ पुतणीचं नाक खाली करायचं म्हणून "येते की" म्हणाल्या. निसर्गप्रेमाचा या निर्णयात काहीएक वाटा नव्हता. ताईंच्या दुकानात उभ्या आयुष्यात एकच झाड होतं आणि ते प्लास्टिकचं होतं. ताई ते ओल्या फडक्यानं पुसायच्या.

रविवारी ताई सहलीला आल्यासारख्या आल्या. हलका मेकअप, कानात मोती, पायात नाजूक चपला. रानाच्या फाटकाशी पाच-सहा माणसं उभी होती. एक निवृत्त कॅशियर, कायम एकमेकींशी भांडणाऱ्या दोन बहिणी, आणि एक उंच, वाकलेले गृहस्थ. त्यांच्या डोळ्यांवर पांढऱ्या भुवयांची अशी काही झुंबड होती की ताईंना दुसरं काही दिसेचना.

"हे डॉक्टर," गार्ड म्हणाली. "दातांचे."

डॉक्टरांनी ताईंच्या चपलांकडे बघितलं. "आत साप असतात," ते म्हणाले, आणि पुढे चालू लागले.

गार्डनं दाखवलं तसं काम सोपं होतं. म्हणजे दाखवताना सोपं होतं. आधी कोयत्यानं बाजूच्या फांद्या छाटायच्या. मग बुंधा जमिनीत शिरतो तिथे कुदळीनं माती सैल करायची आणि मुळाचा मानेखालचा भाग तोडायचा. जमिनीच्या वरच कापलं तर झुडूप दुप्पट जोमानं फुटतं. निघालेलं झुडूप उलटं टाकायचं, मुळं आकाशाकडे, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही.

ताईंना कुदळ वगैरे लांबण लावण्याची गरज वाटली नाही. त्यांनी एक मध्यम झुडूप बुंध्याशी धरलं, श्वास घेतला आणि भुवईचा केस काढतात तसा झटका दिला. झुडूप जागचं हललं नाही. ताई मात्र मागच्या मागे बसल्या, आणि ज्यावर बसल्या तीही घाणेरीच होती.

डॉक्टरांनी हात देऊन उठवलं. "खेचायचं नसतं, ताई. आधी हलवायचं. चारी बाजूंनी थोडं थोडं. त्याला कळू द्यायचं नाही की आपण काढतोय."

"आमच्यात उलटं असतं," अंगावरचे काटे काढत ताई म्हणाल्या. "हळू केलं की जास्त दुखतं. एका दमात, उगवलंय त्याच्या उलट्या दिशेनं."

"हे झाड आहे. भुवई नाही."

"तुमच्याकडे बघून फरक लक्षात येत नाही," ताई म्हणाल्या.

दोघी बहिणी भांडायच्या थांबून हसल्या. डॉक्टरांना या माऱ्याची सवय नव्हती. चाळीस वर्षं त्यांनी ज्यांच्याशी संवाद केला होता, त्या सगळ्यांची तोंडं उघडी होती आणि त्यात कापूस होता. डॉक्टर बोलायचे, पेशंट 'आँ' करायचा. उलट उत्तर देणारं माणूस कुदळ घेऊन समोर उभं आहे, हे त्यांना पचायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी दुसरी कुदळ घेतली. दोघांनी मिळून ते झुडूप काढलं. आधी त्यांच्या पद्धतीनं हलवून, शेवटी ताईंच्या पद्धतीनं हिसडून. मूळ निघताना मातीतून जो कडकडीत आवाज आला, तो ऐकून ताईंच्या अंगावर शहारा आला. इतक्या वर्षांत लाखो केस उपटले होते, पण आवाज एकाचाही झाला नव्हता.

घरी आल्या तेव्हा एक चप्पल तुटलेली, मोती पर्समध्ये, हातांवर रेघोट्या आणि अंगाला तो उग्र वास. साहेबांनी नाकाला रुमाल लावला. ताईंनी अंघोळ केली, चार उकडलेली अंडी आणि अख्खा ब्रेड संपवला आणि आडव्या झाल्या. साहेब शेजारी बसून 'नदीकाठचा पक्षी, तीन अक्षरी' असं विचारत होते, ते ताईंना ऐकूही गेलं नाही. गेली कित्येक वर्षं डोळा लागावा म्हणून त्या गोळी घेत होत्या. त्या दिवशी गोळीची आठवण दुसऱ्या दिवशी दुपारी आली.

पुढच्या रविवारी त्या साहेबांची जुनी पँट कमरेला दोरी बांधून गेल्या. साहेबांनी पँट ओळखली, पण ती आपल्यापेक्षा तिला बरी बसते हे कबूल करायला नको म्हणून पेपर वर धरला.

मग रविवार लागले एकामागून एक. घाणेरीच्या खाली काय काय निघायचं. बाटल्या, एक फुटबॉल, चाक नसलेली ढकलगाडी. एकदा तर चांगला पांढराशुभ्र, जराही टवका न उडालेला कमोड निघाला. इतक्या आत तो कुणी आणि कशाला वाहून नेला असेल यावर त्या दिवशी बराच खल झाला. कॅशियरचं म्हणणं, चोरीचा माल असणार. डॉक्टर म्हणाले, "ज्यानं नेला त्याला घाई असणार." त्यांनी तो स्वच्छ धुतला, झाकण लावलं, आणि चहाच्या सुट्टीत त्यावर बसून बिस्किटं खायला लागले.

डॉक्टरांची बायको दोन वर्षांपूर्वी गेली होती. तेव्हापासून घरात इतकं सामसूम झालं होतं की बिस्किट खाताना त्यांना स्वतःच्या दातांचा आवाज यायचा. हे त्यांनी ताईंना सांगितलं तेही तक्रार म्हणून नाही, कवळी नीट बसत नाही या विषयाच्या ओघात. दुसऱ्यांना कवळ्या बसवण्यात जन्म गेला आणि स्वतःची सैल, याचाच त्यांना जास्त राग होता. ताईंनी सहानुभूती वगैरे दाखवली नाही. "उद्यापासून बिस्किट बुडवून खा," त्या म्हणाल्या. डॉक्टर हसले, आणि कवळी खरोखरच घसरली.

एका सकाळी ताई उंबराखालच्या एका दाट जाळीत एकट्याच काम करत होत्या. बाकीचे पलीकडे होते. बऱ्याच वेळानं त्यांच्या लक्षात आलं की त्या आल्यापासून कुणाशी काही बोललेल्या नाहीत. कुणी बोलायला लावलंही नव्हतं. दुकानात असताना गप्प बसणं म्हणजे गिऱ्हाईक दुखावणं. इथे घाणेरीला काही वाटत नव्हतं. आणखी एक गोष्ट लक्षात आली. दुकानात समोर कायम आरसा असायचा. दुसऱ्यांच्या डोक्यामागे स्वतःचं तोंड. तीस वर्षं त्या दिवसभर, मान वर केली की, स्वतःला थोडं थोडं म्हातारं होताना बघत आल्या होत्या. इथे मान वर केली तर पानं दिसायची आणि पानांतून आभाळ. आपण आज कशा दिसतोय हे त्यांना माहीत नव्हतं आणि ते कुणाला विचारावंसंही वाटलं नाही. त्यांनी नाक पुसलं, त्याबरोबर गालभर माती लागली, ती तशीच ठेवून त्या पुढच्या झुडपाला लागल्या.

मात्र एक गोष्ट त्यांना सहन होईना. डॉक्टरांच्या भुवया.

"बसा," एके दिवशी चहानंतर त्या म्हणाल्या. कमोडकडे बोट होतं.

"कशाला?"

"इथली सगळी घाणेरी काढायची असं ठरलंय ना आपलं?"

पर्समध्ये दोऱ्याचं रीळ असायचंच. ताईंनी दोरा दातात धरला आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावर वाकल्या. डॉक्टरांनी दोन्ही हातांनी कमोडची कड घट्ट पकडली. आपल्या खुर्चीत बसलेली माणसं खुर्चीचे हात का दाबायची, हे त्यांना त्या दिवशी आतून समजलं. बहिणींपैकी धाकटीनं फोटो काढला आणि सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला.

गार्डनं तो आपल्या भुवयांच्या निमित्तानं पुतणीला दाखवला. पुतणीनं तो कौतुकानं साहेबांना पाठवला. 'काका, बघा काकू किती खूश!'

साहेबांनी फोटो मोठा करून पाहिला. कमोड चौकटीत आला नव्हता. दिसत होतं ते एवढंच, की त्यांची बायको एका परक्या, डोळे मिटलेल्या पुरुषाच्या तोंडाशी तोंड नेऊन वाकली आहे, आणि मागे झाडी आहे. साहेबांच्या मनात पाल चुकचुकली. निरीक्षक आधी बोलत नसतो. तो आधी धाड घालतो.

पुढच्या रविवारी ताई गेल्यावर थोड्या वेळानं साहेब निघाले. डोक्याला टोपी, अंगात तपकिरी लोकरीचा स्वेटर, कारण तपकिरी रंग झाडीत मिसळेल असा त्यांचा हिशोब. फाटकातून न जाता ते मागच्या बाजूनं शिरले, जिथे साफसफाई अजून पोचली नव्हती. त्यांना घाणेरीबद्दल काही माहीत नव्हतं. तिचे काटे बारीक आणि मागे वळलेले असतात. आत जाणाऱ्याला ती जाऊ देते. हरकत परत फिरताना घेते. आणि लोकरीचा स्वेटर हा तर तिचा खास आवडीचा पदार्थ.

पलीकडे ताई आणि डॉक्टर एका जुनाट बुंध्याशी झटत होते तेव्हा जाळीत मोठी खसफस झाली.

"डुक्कर," कॅशियर म्हणाले, आणि ढकलगाडीमागे गेले.

गार्डनं सगळ्यांना हातानं थांबवलं. खसफस थांबली. मग पुन्हा सुरू झाली, जास्त चिडून. मग आतून एक शिंक आली. लांबलचक, शेवटी हेल काढणारी.

"ही शिंक आमच्या घरातली आहे," ताई म्हणाल्या. त्या दोन पावलं पुढे गेल्या. "अहो?"

झुडूप एकदा सळसळलं. मग झुडूप म्हणालं, "मी फिरायला आलो होतो."

साहेबांना बाहेर काढणं हे त्या दिवसाचं मुख्य काम झालं. हात वर, पाय फाकलेले, टोपी एका फांदीवर, स्वेटर चहूबाजूंनी ओढला गेल्यामुळे तंबूसारखा ताणलेला. डॉक्टर कोयता घेऊन पुढे सरसावले तेव्हा साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

"हलू नका," डॉक्टर म्हणाले. "थोडंसं दुखेल. तोंड उघडायची गरज नाही."

एक एक फांदी छाटत डॉक्टर आत शिरले, आणि मागून ताई स्वेटरचे धागे काट्यांवरून सोडवत गेल्या. नवरा आणि परका पुरुष एकमेकांच्या नाकाला नाक लावून उभे होते, आणि मधे घाणेरी होती.

"तुम्ही ते फोटोतले," साहेब शेवटी म्हणाले.

"कुठला फोटो?"

"भुवयांचा असेल," ताई मागून म्हणाल्या, आणि मग त्यांच्या डोक्यात सगळा प्रकाश पडला. त्यांचे हात थांबले. "तुम्ही धाड घालायला आलात?"

साहेब फांदीवरच्या टोपीकडे बघत राहिले.

"तीस वर्षं मी दिवसभर लोकांच्या तोंडाला तोंड लावून उभी होते. तेव्हा नाही कधी तपासायला आलात."

"तेव्हा बायका होत्या," साहेब म्हणाले.

"कमोड दाखवा त्यांना," डॉक्टर गार्डला म्हणाले. "पुरावा म्हणून."

बहिणी इतक्या हसल्या की धाकटीला खाली बसावं लागलं. साहेबांना मात्र कुणी जास्त छेडलं नाही. त्यांना चहा दिला, बसायला कमोड दिला, आणि उरलेल्या स्वेटरासह घरी पाठवलं.

दुपारी साहेब पलंगावर पालथे पडले होते आणि ताई चिमटा घेऊन त्यांच्या पाठीतले काटे काढत होत्या. उपटायला ही पाठ आयती हातात आली होती. एरवी त्या खूश झाल्या असत्या, पण राग अजून होता, म्हणून काटे जरा धंदेवाईकपणे निघत होते.

"ते डॉक्टर तुला हसवतात," साहेब उशीत तोंड घालून म्हणाले.

"हसवत नाहीत. वैताग आणतात."

"वैताग तर मीपण आणतो."

"तुम्ही घरात आणता. ते मोकळ्या हवेत आणतात."

एक काटा निघाला. साहेब कण्हले. पुढचे चार काटे निघाले तरी ते हलले नाहीत. ताईंना वाटलं, झोपले.

"तू दुकानात होतीस तेव्हा रोज संध्याकाळी येऊन मला सगळ्यांचं सांगायचीस," साहेब म्हणाले. "आता दुकान नाही. रविवारी येतेस, जेवतेस आणि झोपतेस."

ताईंचा चिमटा हवेत राहिला. त्या वर्षानुवर्षं बोलत आल्या होत्या तेव्हा समोर पेपर असायचा. पेपराच्या मागे माणूस आहे हे त्यांनी गृहीत धरलं होतं, पण ते माणूस ऐकतंय असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"तुम्ही ऐकत होतात?"

"मग? लाँड्रीवाल्याच्या सुनेचं पुढे काय झालं, ते तू सांगितलंच नाहीस."

"ती परत आली."

"कधी?" साहेब मान वळवून उठायला लागले. "आणि तो दुसरा?"

"पडून राहा," ताई म्हणाल्या, आणि पहिल्यापासून सांगायला लागल्या. सगळे काटे निघून गेले तरी गोष्ट संपली नव्हती. शेवटी त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी सोबतच चला. पण फाटकातून या, माणसासारखे."

साहेब गेले. कुदळ त्यांच्या हाताला मानवली नाही. पहिल्याच दिवशी त्यांनी मूळ सोडून स्वतःचा बूट तोडला. मग त्यांनी साखरेचा काटा आणून उपटलेल्या ढिगाचं वजन करायचं म्हटलं, तर काटा मोडला. त्यांचं करायचं काय, असा प्रश्न पडला असताना गार्डनं एक अडचण सांगितली. साफ केलेल्या जागेत घाणेरी परत यायची. पाखरं तिची काळी फळं खातात, मोठ्या झाडांवर बसतात, आणि खाली बिया टाकतात. झाडांखाली चोरून नवी रोपं उगवतात, बोटाएवढी असतात तोवर गवतात दिसतही नाहीत, आणि दिसायला लागली की उशीर झालेला असतो.

"चोरून?" साहेब म्हणाले.

त्या दिवसापासून झाडांखालची गस्त साहेबांकडे गेली. हात मागे, मान खाली, पाऊल न वाजवता ते झाडामागून झाडाखाली यायचे आणि एकदम वाकायचे. एकही रोप त्यांच्या नजरेतून सुटत नव्हतं. काही वेळा ते घाणेरी नसायचं आणि गार्डला धावत येऊन चांगल्या रोपाचा जीव वाचवावा लागायचा. पण संशय घ्यायला कुणी तरी नेमावं आणि त्याबद्दल चहा द्यावा, असा सन्मान साहेबांना नोकरीतही मिळाला नव्हता. बुलबुल दिसला की ते त्याच्याकडे असे बघायचे, जसे एके काळी किराणा दुकानदारांकडे. डॉक्टरांशी त्यांचं जमलं. दोघं मिळून शब्दकोडं सोडवायचे, आणि दोघांचंही चुकायचं.

पावसाळा येऊन गेल्यावर ताईंनी उंबराखालची ती जाळी असलेली जागा पाहिली तर ओळखू येईना. गुडघाभर गवत, आणि गवतात चार-पाच जातींची इवलीशी रोपं. गार्डनं नावं सांगितली, ताई विसरल्या. त्यांना एवढंच कळलं की यातलं कुणीही कुणी लावलेलं नव्हतं. बिया आधीपासून मातीत होत्या आणि अंगावरचं ओझं निघायची वाट बघत पडल्या होत्या. ताई त्यांच्यासमोर उकिडव्या बसून राहिल्या. उठताना लक्षात आलं की गुडघ्यांनी आज कुरकुर केली नाही. मग वाटलं, केली असेल, आपलंच लक्ष नव्हतं.

तेव्हाच फोन वाजला. पुतणी होती. स्टुडिओतली मुलगी काम सोडून गेली होती, दारात रांग लागली होती, आणि पुतणीच्या आवाजातला गोडवा पार उतरला होता.

"काकू, आज याल का? आणि पुढचे सगळे रविवार? खरं सांगते, बायका तुमचं नाव काढतात. माझ्या हातचा भुवईचा आकार त्यांना पटत नाही."

हे ऐकायला ताईंनी कधी काळी काय नसतं दिलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं, आणि गोड लागलं म्हणून पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"रविवारी जमणार नाही," मग त्या म्हणाल्या. "बुधवारी येईन. दुपारनंतर. आणि त्या सोफ्यावर बसणार नाही, खुर्चीपाशीच उभी राहीन."

"पण गर्दी रविवारी असते, काकू."

"मग त्यांना बुधवारी बोलाव. भुवया काय, चार दिवस थांबतात."

फोन पर्समध्ये टाकून त्या बाकीच्यांमागे गेल्या. ओढ्यापलीकडचा उतार आज गार्ड पहिल्यांदाच दाखवणार होती. सगळे काठावर उभे राहिले. पलीकडे खालपासून वरपर्यंत, नजर जाईल तिथवर, घाणेरीच घाणेरी होती, आणि ती ऐन फुलात होती.

कॅशियरनी कपाळाला हात लावला. साहेब मनातल्या मनात काही मोजायला लागले आणि सोडून दिलं.

"हे आपल्या हयातीत संपायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

"संपू नयेच," ताई म्हणाल्या. "संपलं तर परत घरी बसावं लागेल." आणि पँटची दोरी घट्ट करून त्या ओढ्यात उतरल्या.